केसांना लावलेली नीळ

माझे केस पिकू लागले तेव्हा मला त्याचे दुःख झाले नाही. पाठशाळेत संस्कृत शिकून पुढे आयुष्यभर शाळेत संस्कृतच शिकवलेल्या माणसाला पिकले केस हे एक प्रकारचे भूषणच वाटते. शिवाय त्या पांढऱ्या केसांबरोबर माझ्या चेहऱ्यात माझे वडील उतरले. तेच रुंद कपाळ, तेच मागे वळवलेले दाट केस, ऐकताना मान किंचित डावीकडे झुकवण्याची तीच लकब. अमरावतीच्या आमच्या गल्लीत वडिलांना पाहिलेली जी मोजकी माणसे उरली आहेत, ती मला पाहून क्षणभर थबकत आणि मग हसत. मी ते आशीर्वादासारखे स्वीकारत असे.

त्याच सुमारास माझ्या पत्नीला विस्मरण होऊ लागले. डॉक्टरांनी सांगितले होते की, या आजारात अलीकडची वर्षे आधी गळतात आणि जुनी शेवटपर्यंत टिकतात. आम्ही ते ऐकले, मान डोलावली. त्याचा अर्थ आम्हांला एका दुपारी कळला.

मुलगा आणि सून कामावर गेले होते. मी दाराजवळच्या खुर्चीत वाचत बसलो होतो. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला पाहताच थांबली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चौकटीच्या आड सरून उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "ते अजून नाही आले घरी. तुमचं पान वाढू का?"

आवाज नव्या सुनेचा होता. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, शब्द जपून वापरणारी ती मुलगी मला आठवत होती. पण तिचा आवाज सत्तरी ओलांडलेल्या देहातून, भर उन्हाच्या वेळी, माझ्याच घरात ऐकताना अंगावर काटा आला. माझ्या वडिलांना जाऊन कित्येक वर्षे लोटली होती.

मी घाईने म्हणालो, "अगं, मी आहे. मीच तुझा नवरा."

तिने डोळे वर केले. त्यांत भीती होती. आपण काय बोललो हे माझ्या ध्यानात आले तेव्हा शब्द निघून गेले होते. सासऱ्याच्या तोंडून सुनेने असले वाक्य ऐकावे! ती मागच्या मागे स्वयंपाकघरात गेली आणि तिने आतून कडी लावून घेतली.

आमच्या घरात सून सासऱ्यांसमोर बसत नसे. त्यांच्यादेखत घास घेणे तर दूरच. आणि नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, हा नियम तिने कोणी न सांगता आयुष्यभर पाळला होता. आता सारे विसरत चाललेल्या तिच्या मनाने नेमके हे दोन नियम घट्ट धरून ठेवले. मी समोर असलो की मामंजी समोर आहेत म्हणून ती जेवत नसे, आणि नवरा घरी आलेला नाही म्हणून इतर कोणी भरवले तरी जेवत नसे. सुनेने ताट पुढे केले तर ती समजुतीने सांगे, "तू चांगली आहेस माय, पण ते उपाशी अन् मी कशी जेवू?" कपभर चहा आणि एखादे बिस्किट, एवढ्यावर दिवस जाऊ लागला. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळू लागल्या. अन्न असेच कमी होत गेले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. हात बांधून ठेवल्याशिवाय ती नळी राहणार नाही, हेही सांगितले.

उपाय सुनेला सुचला. ती तिवशाची, बोलणे सडेतोड.

"बाबा, तुमी आंघोळ करून डोक्याले पंचा गुंडाळून आले ना काल, तवा आईनं तुमच्या हातचे दोन घास खाल्ले. मी पायलं. त्या चेहऱ्याले नाही भीत. केसांले भितेत."

तिचे म्हणणे खरे होते. मग पंचा बांधून बसलो, पण थोड्याच वेळात पत्नी विचारू लागली, "अजून आंघोळ नाही झाली तुमची?" आणि आंघोळ व पूजा होईपर्यंत वाट पाहत बसली. टोपी घातली तर अधिकच वडील दिसू लागलो. बाजारातल्या रंगाने कपाळ आणि पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी तो पुन्हा लावू नका म्हणून बजावले. तेव्हा घरच्या घरी झाडपाल्याचा रंग करायचे ठरले. आवळकाठी आणि माका लोखंडी कढईत भिजवून लावला; केसांवर धुळीसारखी छटा आली, तीही दोन दिवसांत गेली. नुसती मेंदी लावली तर डोके भगवे झाले. पत्नीने मला दारात पाहिले आणि आत वळून हाक दिली, "अवो, बैरागी आलाय दारात. पसाभर पीठ वाढा त्याले."

सून हसता हसता ओट्याला टेकली. मीही हसलो. ते त्या काळातले आमचे बहुधा शेवटचे मोकळे हसणे.

मेंदीवर नीळ चढवली तरच काळा रंग येतो, असे सुनेने कुठेसे पाहिले होते. पण ज्या शास्त्रांवर मी वाढलो त्यांत निळीचा स्पर्श निषिद्ध मानला आहे. निळीचे वस्त्र अंगावर असताना केलेले कर्म फळत नाही, असा संस्कार लहानपणापासून मनावर होता. आता ती मी मस्तकावर धारण करणार होतो. त्या दिवशी देवघरासमोर बराच वेळ बसलो. देवांना मी कारण सांगितले. त्यांना ते ठाऊक होतेच. पूजा मुलाकडे सोपवली आणि सुनेसमोर पाटावर जाऊन बसलो.

"हलू नका, बाबा. कानाले लागून राहिलं."

"किती लावतेस?"

"आता बोहल्यावर उभे रायता का तुमी? गुमान बसा."

निळीच्या पाल्याची पूड कोमट पाण्यात कालवली की तिला ओल्या चाऱ्याचा वास येतो. धुतल्यावर केस काळे दिसत नाहीत, हिरवट दिसतात; तळ्यात बुडून राहिलेल्या वस्तूवर शेवाळ धरावे तसे. मी आरशात पाहिले आणि नजर काढून घेतली. मात्र या रंगाचा एक धर्म आहे. तो धुतल्यानंतर चढतो. हवा लागेल तसतसा, कोणी हात न लावता, आपला आपण गडद होत जातो. संध्याकाळी दिवा लावताना डोके करडे होते; सकाळी उठलो तेव्हा आरशात एक काळ्या केसांचा मनुष्य माझी वाट पाहत उभा होता. त्याला मी ओळखत होतो. पण त्याच्याशी संबंध सुटून फार काळ झाला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. पत्नीने वर पाहिले. तिचा चेहरा उजळला.

"आलेत? काहून इतका उशीर? मी केव्हाची बसून राहिले."

मी तिच्यासमोर बसून जेवलो. मग वरणभात कालवून तिला भरवला. ताट संपले. सून दारामागे उभी राहून डोळे पुशीत होती.

जेवण झाल्यावर पत्नीने माझी बाही धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामंजी दिवसभर दारापाशी बसून असतात. माझ्याकडे पायतात."

"काही बोलतात?"

"मले म्हणतात, मी तुझा नवरा हाओ." तिने जीभ चावली. "वय झालं त्यांचं. भ्रम होते माणसाले. तुमी रागावू नका बापा त्यांच्यावर. अन् मी सांगितलं असं बोलू नका."

मी नाही बोलणार, असे तिला वचन दिले.

त्यानंतरचे महिने अन्नाच्या दृष्टीने बरे गेले. तिचे वजन थोडे वाढले, नळीचा विषय मागे पडला. रंग उतरला की सून पुन्हा कढई काढी. उतरण्याची खूण आधी कानशिलांवर दिसे, मग भांगात पांढरी रेघ उमटे. असा रंग उतरू लागलेल्या दिवशी जेवता जेवता पत्नीची नजर माझ्या कानशिलावर जाई, उघडलेले तोंड मिटे, पदर डोक्यावर येई. घास माझ्या हातात राहत असे. एका घासाच्या अलीकडे मी तिचा पती होतो आणि पलीकडे तिचा सासरा.

पण मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. माझे केस पूर्ण काळे असतानाही मामंजी येतच राहिले.

मी सकाळी देवळातून परत यायचो तेव्हा ती सांगायची, "आत्ताच उठून गेले." मी संध्या करीत असे तेव्हा बाहेरच्या खोलीतून तिचा दबलेला आवाज येई, "हो, मामंजी. नाही, मामंजी." बाहेर येऊन पाहावे तर ती रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून, पदर घेऊन उभी. एकदा मी विचारले, "आज काय म्हणत होते?"

"काही नाही. रडून राहिले होते." मग म्हणाली, "त्यांची नखं निळी पडलीत हो. तुमी पायली काय? असं बरं नसते माणसाचं."

मी माझे हात धोतराच्या घडीत लपवले. आदल्या दिवशी सुनेचा हात पोचला नाही म्हणून मानेमागे मी स्वतः नीळ चोळली होती आणि ती नखांत बसली होती. कारण स्पष्ट होते. तरीही त्या दिवसापासून मी त्या खुर्चीत बसणे सोडले. सुनेने विचारले तेव्हा पाठ दुखते असे सांगितले. तीही त्या खुर्चीवर कपडे टाकीत असे, ते तिने बंद केले. का, ते मी तिला विचारले नाही.

देह हे वस्त्र आहे, हे मी वर्गात किती वेळा शिकवले असेल! वस्त्र बदलणारा तोच राहतो, हेही शिकवले. एक वस्त्र अंगावर असताना दुसरे शेजारच्या खुर्चीत बसून रडत असेल, तर काय म्हणावे, हे मला कोणत्याही गुरूने सांगितले नव्हते.

अशातच अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. माझे थोरले बंधू गेले. वडिलांची मिळकत तोकडी होती; त्यांनीच मला वाढवले, पाठशाळेत घातले, माझी संथा त्यांनीच घटवून घेतली. मी अंत्यविधीला जाऊन संध्याकाळच्या आत परतलो. घरी सुतक होते. देवपूजा बंद, केसांना काही लावणे बंद. पत्नीला सांगितले, ती रडली आणि चहा होईपर्यंत विसरली. दिवसागणिक माझ्या भांगातली रेघ रुंद होत गेली. पाचव्या-सहाव्या दिवशी तिचे अर्धे ताट परत गेले. आठव्या दिवसापासून ती पुन्हा चौकटीच्या आड उभी राहू लागली.

आणि दहाव्याला मला क्षौर करायचे होते. गेलेल्याहून जे धाकटे, त्यांनी केस उतरवायचे, हा आमचा नियम आहे.

पुतण्याने फोनवर सांगितले, "काका, काकूंचं असं आहे तर राहू द्या. आजकाल कोण पूर्ण काढते? चार केस कापले तरी चालते. गुरुजींले मी सांगतो."

सून तर निघताना दारातच उभी राहिली. "बाबा, मी कधी तुमच्या धर्माच्या मधात आली नाही. पण केस ठेवून या. आईनं कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. केस गेले अन् मंग पांढरे खुंट आले, तर रंग कायले लावू मी? टकल्याले?"

बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत गाडीत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. नियमाला पर्याय असतात. शास्त्र निर्दय नसते. पण ज्या भावाने स्वतः अर्धपोटी राहून मला अक्षर दिले, त्याच्यासाठी चार केस कापून उठणे मला जमेना. आणि तिकडे ती चौकटीआड उभी होती. मोर्णा नदीच्या काठी पोचेपर्यंत माझा निर्णय झाला नव्हता.

नाभिकाने डोक्यावर पाणी चोळले आणि थांबला. "महाराज, वरून काळे अन् बुडाशी पांढरे. मेंदी लावता काय?"

"नीळ," मी म्हणालो.

"काढू ना सगळे? का आपलं नावापुरतं?"

पुतण्या माझ्याकडे पाहत होता. मी डोळे मिटले. भावाचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला, तर वडिलांचा आला. मग तोही माझाच झाला.

"सगळे काढा," मी म्हणालो.

केस पंचावर पडत गेले. ते गोळा करून टाकताना दिसले की, प्रत्येक झुबक्यात दोन माणसांचे केस होते.

सुतक फिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी अमरावतीला आलो. दार सुनेने उघडले. तिने माझ्या डोक्याकडे पाहिले आणि ओठ मिटून बाजूला झाली. पत्नी आतल्या चौकटीत होती. पदर डोक्यावर होता. तिने माझ्याकडे पाहिले, फार वेळ पाहिले. मी हललो नाही. कोणत्या नावाने हाक मारली तर ती घाबरणार नाही, हे मला ठाऊक नव्हते.

मग तिचा पदर खांद्यावर उतरला. ती सुनेदेखत, जे तिने उभ्या जन्मात केले नव्हते, माझ्याजवळ आली आणि माझ्या उघड्या डोक्यावर हात ठेवला.

"केव्हा गेले?"

मला वाटले, भावाविषयी विचारते आहे. "दहा दिवस झाले," मी सांगितले.

"अन् मले कोणी सांगितलं नाही." तिने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "तरीच. मामंजी दिसले नाही तवाच मले वाटलं."

सुनेने तोंडावर हात ठेवला. मी पाहत राहिलो. नवऱ्याचे डोके उतरवलेले दिसले की घरात कोण गेले हे बाईला सांगावे लागत नाही. बाकी सारे पुसले गेले तरी एवढे तिच्यात शिल्लक होते. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. पण माझे वडील गेलेले होतेच. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो."

"त्यांचं पान वाढलं काय?"

सुनेने केळीच्या पानाच्या तुकड्यावर वरणभात वाढला. तो आम्ही अंगणाच्या भिंतीवर ठेवला आणि मागे सरलो. ऊन चढले होते. विजेच्या तारेवर एक कावळा होता. त्याने पानाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि बसून राहिला. सुनेने हात जोडले. कावळा येईना.

"इच्छा राह्यली त्यांची," पत्नी म्हणाली.

"कोणती?"

"तुमाले सांगितलं होतं ना मी. ते म्हणत, मी तुझा नवरा हाओ. रोज म्हणत. मी कधी हो म्हटलं नाही. कसं म्हणणार? पण म्हाताऱ्या माणसाचं मन होतं ते. कोणीतरी एकदा हो म्हणायले पायजे होतं त्यांले."

मी म्हणालो, "मग आता म्हण."

"तुमाले चालते?"

"चालते."

तिने पदर सारखा केला. भिंतीपाशी गेली. माझ्याकडे तिची पाठ होती. वाकून, पानाशी कोणी बसलेले असावे तशी, ती म्हणाली, "मामंजी, हो. तुमी म्हणत होते तेच खरं. तुमीच ते. मी नाही ओळखलं. आता जेवा."

तारेवरचा कावळा उतरला. मी ते उतरणे डोळ्यांनी पाहिले. याहून अधिक काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. त्याने पहिला घास उचलला तेव्हा माझ्या टाळूवर, जिथे सकाळपासून ऊन लागून चरचरत होते तिथे, गार वाटले.

"चला," पत्नी म्हणाली, "झालं त्यांचं. मले भूक लागली."

ती पाटावर बसली. मी हात धुतले, भात कालवला, आणि तिने तोंड उघडले. मी जेवलो का, हे न विचारता एकामागून एक घास ती घेत राहिली. मध्ये एकदाही तिची नजर माझ्या मस्तकावर गेली नाही, दाराकडेही गेली नाही. सुनेने माझे ताट आणून ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुमी काल संध्याकाळपासून उपाशी असाल. जेवा आता."

मी ताटाकडे पाहिले. पण मला भूक नव्हती. पोट भरलेले होते.